अनसूयाबाईच्या तिकिटाचे पेढे

नगर परिषदेची निवडणूक लागली अन् किसनरावच्या तोंडात एकच नाव बसलं. अनसूयाबाई.

ते नाव त्याच्या उमेदवाराचं नव्हतं. त्याची उमेदवार सत्यभामा, वरूडच्या बाजारात फुलाचं दुकान लावणारी, दोन खेपेची नगरसेविका. अनसूयाबाई समोरच्या आघाडीची. म्हणजे अजून पक्की तिकडची बी नव्हती, कारण शेखरभाऊच्या त्या आघाडीनं तिकीट कोणाले द्याचं हे ठरवलंच नव्हतं. दोन नावं चालू होते. एक श्रावणी वकील. अमरावतीच्या कोर्टात ते पोरगी बोलाले उभी राह्यली का समोरचा वकील पाण्याची बाटली शोधते म्हणत. दुसऱ्या ह्या अनसूयाबाई, मोरोपंत भटजीच्या घरच्या. यायनं आयुष्यात माइक हातात धरला नव्हता अन् बोलताना समोरच्याच्या पायाकडं पाहायच्या.

किसनराव संत्र्याचा व्यापारी. उभा बगीचा झाडावरच घेणारा. त्याची एक पद्धत होती, अन् साऱ्या तालुक्याले माहीत असून बी ती दरसाल चाले. जो बगीचा घ्याचा असे त्यात पाय ठेवल्याबरोबर तो तोंड वाकडं करे. फळ बारीक हाय, रंग नाही, असा माल मले नको म्हणे, अन् गाडीत जाऊन बसे. मालक मागं धावत येई. जे पाह्यजे त्याले नको म्हणाचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं दोन ट्रक अन् तीन मजली घर उभं केलं होतं.

तेच त्यानं निवडणुकीले लावलं. चहाच्या टपरीवर, बँकेत, दाढी करता करता, जिथं शेखरभाऊचा माणूस कान देऊन असे तिथं तो मान हलवे. श्रावणी वकिलाले आमी सहज पाडू, तिले गल्लीतली नाली बी माहीत नाही. पण अनसूयाबाईले तिकीट भेटलं तर आपलं काही खरं नाही बाप्पा. असं म्हणून उसासा टाके, अन् मंग सत्यभामाच्या घरी येऊन पोट धरून हसे.

त्या हसण्याची प्रतीक्षाले तिडीक येई.

प्रतीक्षा सत्यभामाची धाकटी. वय सतरा, शाळा सोडलेली, राग नाकावर. एका जागी घटकाभर गपचूप बसली तर घरचे कपाळाले हात लावून ताप पाहत. तिच्या रागाले कारण होतं, अन् ते जुनं होतं.

माय दोनदा निवडून आली हे खरं. पण कशी आली ते वरूडात शेंबड्या पोराले बी पाठ होतं. पहिल्या खेपेले समोरच्या बाईचा अर्ज छाननीत बाद झाला अन् सत्यभामा बिनविरोध आली. दुसऱ्या खेपेले समोरची उमेदवार नवऱ्याशी भांडून ऐन प्रचारात नागपूरले भावाकडं निघून गेली, ते मतदान झाल्यावरच उगवली. गावानं नाव ठेवलं, नशिबाची नगरसेविका. सत्यभामानं गल्लीत पाण्याची लाइन आणली, बाजारात बसणाऱ्या बायायसाठी संडास बांधून घेतले, खांबावर दिवे लावले. नाव काही पुसल्या गेलं नाही.

दोन साल आधी प्रतीक्षा दहावीत होती. नागरिकशास्त्राचे सर निवडणुका शिकवून राहिले होते. ते म्हणले, समोर कोणी नसलं का दगड बी निवडून येते, दूर काहून जाता, आपल्या प्रतीक्षाच्या घरी पाहा. सारा वर्ग हसला. प्रतीक्षानं दप्तर उचललं अन् खिडकीतून खाली भिरकावलं. ते नेमकं सरांच्याच गाडीवर पडलं, आरसा फुटला. माय जाऊन आरसा बसवून आली, माफी बी मागून आली, पण पोट्टी परत शाळेत गेली नाही. तवापासून ते दुकानावर बसे, हार गुंफे, सकाळी स्कूटीवर घरोघरी पूजेच्या फुलाचे पुडे टाके. गिऱ्हाईक अजून रस्त्यावरच असे, अन् हे सांगे का हा भाव करणार, का हा मुकाट्यानं घेऊन जाणार.

या खेपेले तिले एकच पाह्यजे होतं. माय जिंकली पाह्यजे, पण समोर कोणी तरी असताना जिंकली पाह्यजे. पुन्हा कोणी दगडाचं नाव काढलं नाही पाह्यजे.

म्हणून एका संध्याकाळी किसनराव असाच हसून राहिला होता तवा तिच्यानं राहवलं गेलं नाही. "काका, समोरून कमजोरच येऊ दे म्हणून हात जोडून राहिले तुमी. म्हणजे आपण बी तेवढेच, असंच ना?"

किसनरावनं बशीतला चहा सुडकन ओढला. "शाळेत टिकली असती तर राजकारण समजलं असतं तुले. निवडणूक जिंकाची असते पोरी. तिच्यात शोभून दिसाचं नसते."

सत्यभामा खाली बसून झेंडू ओवून राहिली होती. तिनं वर पाह्यलं नाही. बाप, गोपाल, तिथंच शेवंतीची गोणी उपसत होता, त्यानं बी पाह्यलं नाही. प्रतीक्षानं दोघायकडं पाह्यलं अन् मंग जे सांगाचं होतं ते एका दमात सांगून टाकलं.

अनसूयाबाईच्या घरी तिचा रोजचा पुडा होता. तिच्याएवढं ते घर किसनरावनं पाह्यलं नव्हतं. अनसूयाकाकू रुखवत करायच्या. त्या भागातल्या कोणाच्या बी पोरीचं लग्न ठरलं, जात नाही, पात नाही, का महिनाभर आधी काकूच्या ओसरीवर बसायले सुरवात होई. सुपारीचे वऱ्हाडी, खोबऱ्याचा रथ, तांदळाचं तुळशीवृंदावन हे तर साऱ्यायच्याच रुखवतात. पण दर पोरीसाठी काकू एक वस्तू अशी करायच्या जे फक्त तिचीच असे. पोरीले त्या आधी बोलू देत. लहानपणी काय आवडे, कशावरून रडली, कोणाशी भांडली, सारं मान खाली घालून ऐकत. प्रतीक्षाची मोठी बहीण गीतांजली कॉलेजले सायकलनं जाये, साऱ्या गल्लीनं नावं ठेवली तरी जाये. तिच्या रुखवतात काकूनं काडेपेटीच्या काड्याची सायकल ठेवली, घंटीसकट. वऱ्हाडी मंडळी जेवण सोडून ते पाहत होते. गीतांजली अकोल्याले सासरी गेली, तिच्या टीव्हीखाली ते सायकल अजून हाय. अन् प्रतीक्षाले काकू म्हणायच्या, तुझ्या रुखवतात मी दप्तर ठेवणार आहे, खिडकीतून पडतं तसं. प्रतीक्षा म्हणे, मले लग्नच नाही कराचं. काकू म्हणायच्या, मग नुसतं दप्तर करून देईन.

"ते बाई बोलत नाही, ऐकते," प्रतीक्षा म्हणली. "तुमाले ते कमजोरी वाटते."

किसनरावनं सारं ऐकून घेतलं, कारण सत्यभामाची पोर होती. मंग त्यानं एक एक बोट दुमडत हिशेब सांगितला. ज्या पोट्ट्यायचे रुखवत केले त्या गेल्या अकोल्याले, अचलपूरले, मोर्शीले. त्यायचं मत तिकडं. इथं राह्यलं कोण? भटजीचे घरं तर बोटावर मोजाले येतात. सुपारीच्या नवरा-नवरीले मतदान करता येत नाही.

या शेवटच्या वाक्यावर तो स्वतःच एवढा हसला का चहा सांडला.

अन् झालं त्याच्याच मनासारखं. शेखरभाऊ अमरावतीले जाऊन आपल्या मोठ्या मंडळींशी बसला, अन् परत आला तवा तिकीट अनसूयाबाईचं होतं. किसनराव ज्याले एवढा भ्याला तेच आपलं खरं, असं शेखरभाऊनं धरलं. बगीच्याचा मालक धावत येते तसा तो धावत आला होता.

किसनराव मोटरसायकलवर पेढ्याचे पुडे बांधून आला. सत्यभामाच्या अंगणात पोरं जमले होते, त्यायनं फटाक्याची लड लावली. शेजारपाजाऱ्यायले कळेना, निवडणूक अजून व्हायची हाय अन् हे काय चालू हाय. मंग कळलं, कारण किसनराव रस्त्यावर उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात पेढा ठेवून सांगत होता, घ्या, अनसूयाबाईले तिकीट भेटलं. काही जण हसले. काही जणायनं पेढा हातात तसाच धरला अन् पुढं गेले.

प्रतीक्षापुढं पुडा आला. तिनं हात मागं घेतला.

"घे ना, तुह्या मायची सीट पक्की झाली."

"मले गोड नाही चालत."

खोटं होतं, साऱ्यायले माहीत होतं. पण ते तिले लागलं नाही. तिले लागलं ते दुसरंच. तिनं मायकडं पाह्यलं, तर सत्यभामानं पेढा घेतला होता, अर्धा तोंडात टाकला होता, अन् ती हसून राहिली होती. लहान, आतल्या आत, कोणाले दिसू नये असं. पण प्रतीक्षाच्या डोळ्यापासून काय लपते. ती स्कूटी काढून निघून गेली अन् अंधार पडल्यावरच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून गीतांजलीचा फोन. तिनं तब्येत विचारली नाही, पीकपाणी विचारलं नाही. "मायनं काकूच्या तिकिटाचे पेढे वाटले, हे खरं हाय?"

प्रतीक्षा म्हणली, मायनं नाही, किसनकाकानं वाटले. गीतांजली म्हणली, अंगण कोणाचं होतं?

तिथून पुढं जे झालं ते किसनरावच्या कोणत्याच हिशेबात बसत नव्हतं. वरूडातून लग्न होऊन गेलेल्या पोरींचा फोनवर ग्रुप होता. दिवाळीले कोण कवा येणार, कोणाले काय झालं, एवढ्यासाठीच तो चाले. त्यात पेढ्याचा फोटो पडला. खाली कोणी तरी लिहिलं, आपल्या काकूले कमजोर समजून हे वाटून राहिले. मंग अचलपूरच्या एकीनं आपल्या रुखवतातल्या वस्तूचा फोटो टाकला. मोर्शीच्या एकीनं टाकला. दुपारपर्यंत त्या ग्रुपात दुसरं काही नव्हतं.

अन् मंग त्या याले लागल्या.

कोणी एसटीनं, कोणी नवऱ्याच्या मागं मोटरसायकलवर, कोणी कडेवर लेकरू घेऊन. दिवाळी होऊन गेलती, सणवार नव्हता, तरी घराघरात माहेरवाशीण. सकाळी उठून त्या आईच्या हातचा चहा घेत अन् पदर खोचून निघत. काकूनं त्यायले बोलावलं नव्हतं. काकू तर अजून बी माइक पाह्यला का चार पावलं मागं सरकत, शेखरभाऊनं सभेत नाव घेतलं तवा नुसता नमस्कार करून बसल्या. फिरत होत्या ह्या. आता माहेरी आलेली लेक दारात उभी राह्यली तर तिले रिकाम्या हातानं कोण पाठवते? कुंकू लावतात, खण नाही तर निदान मूठभर तांदूळ तरी ओटीत घालतात. या पोरी ओटी घेत नव्हत्या. म्हणत, काकू, मावशी, मोठी माय, या खेपेले ओटीत मत घाला. मले नाही, जिनं मले इथून हसत पाठवलं तिले.

किसनरावचे पोरं पत्रकं घेऊन ज्या घरी जात तिथं लोक पत्रक घेत, पाणी विचारत, अन् पुढं काहीच बोलत नसत. आठवडाभरात किसनरावचं हसणं बंद झालं. तो सत्यभामाच्या घरी आला तवा चहाले बी नको म्हणला, अन् या खेपेले त्याले खरंच नको होता.

त्याचं म्हणणं, आता एकच उपाय. गीतांजलीले अकोल्याहून आणाचं अन् माइकवर उभं कराचं. तिच्या तोंडून वदवाचं का बाहेरगावच्या बायायनं आमच्या गावात येऊन आमाले शिकवू नये.

गीतांजली आली. तिनं पिशवी खाली ठेवली, मायच्या पाया पडली, अन् किसनरावले सांगितलं का मायसाठी ती घरोघर फिरणार, उन्हातान्हात फिरणार. पण रस्त्यात कोणी काकूबद्दल विचारलं तर ती खोटं बोलणार नाही. अन् माइकवर जे म्हणाले लावून राहिले ते तर स्वप्नात बी नाही. किसनराव म्हणला, मंग तू आलीच कायले? गीतांजली म्हणली, माय हाय माही, म्हणून.

तो गेला. शेवटी प्रतीक्षाचा भडका उडालाच. तिनं हातातला अर्धा हार फेकला. म्हणली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कमजोर येऊ दे, कमजोर येऊ दे करत बसले, अन् तुमच्याच पेढ्यायनं तिले मजबूत केली. मंग मायकडं वळली अन् जे इतके दिवस गिळून होती ते बाहेर आलं.

"तू बी हसली होती. मी पाह्यलं."

गोपाल उठून मधात येऊ लागला, सत्यभामानं त्याले हातानंच बसवलं. तिनं फेकलेला हार उचलला, त्यातले चेंबलेले फुलं काढून बाजूले केले.

"हो," ती म्हणली. "हसली. दोन खेपा नशिबानं आली, तिसऱ्या खेपेले बी येईन असं वाटलं. बरं वाटलं मले. नशिबाची सवय लागते, पोरी."

ती उठली, तोंड धुतलं, धुतलेलं पातळ नेसली. पूजेच्या फुलाचा पुडा स्वतः बांधला अन् प्रतीक्षाले म्हणली, स्कूटी काढ.

काकूच्या ओसरीवर भर दुपारी माहेरवाशिणींची पंगत बसावी तशा पोरी बसल्या होत्या. सत्यभामाले पाहून बोलणं जागच्या जागी थांबलं. एकीनं लेकरू जवळ ओढून घेतलं, जशी काही मारामारीच होणार. प्रतीक्षा मायच्या मागं उभी राह्यली, मुठी आवळून. कोणी एक शब्द वाकडा बोलला असता तर तिनं काय केलं असतं ते तिले बी माहीत नव्हतं.

सत्यभामा बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली, साऱ्यायले ऐकू जाईल असं. "काकू, ते पेढे माह्या अंगणात वाटले. म्हणजे मीच वाटले. अन् मी एक खाल्ला बी. तुमी कमजोर म्हणून मले गोड लागला. ते चुकलं माहं. माफी मागाले आली मी, मत मागाले नाही. मत मी हे घर सोडून बाकीच्या साऱ्या दारी मागीन, अन् तुमाले पाडाले जेवढं फिरता येईल तेवढं फिरीन."

 अनसूयाबाईनं पुडा घेतला. नेहमीसारखं पायाकडं पाहून बोलतील असं वाटलं होतं, पण त्यायनं वर पाह्यलं, सरळ.

"सत्यभामाबाई, मला तिकीट का दिलं ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. आवाज हळूच होता, पण स्वच्छ. "किसनराव घाबरले म्हणून दिलं. ते घाबरले नव्हते, हेही ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, बघू तर खरं कोण घाबरतं. तुम्ही फिरा. तुम्ही आणलेल्या नळाचं पाणी मी रोज भरते, तेवढं तुमच्यासाठी मीही दारात आलेल्याला सांगते."

मंग त्यायची नजर मागं गेली, प्रतीक्षाच्या मुठीवर. "आणि हिला आत बोलवा. हिच्या दप्तराचे बंद कसे होते ते मला विचारायचं आहे."

पोरी हसल्या. प्रतीक्षाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मुठी कवा उघडल्या ते तिले समजलं नाही.

माफीची गोष्ट किसनरावले कळली तवा तो डोकं धरून बसला. भर प्रचारात समोरच्याच्या घरी जाऊन चूक कबूल करणारा उमेदवार त्यानं पाह्यला नव्हता, ऐकला नव्हता. पण सत्यभामा आता त्याच्या गाडीत बसतच नव्हती. सकाळी फुलबाजार उरकला का ती, गीतांजली अन् प्रतीक्षा पायी निघत. ज्या दारी मूठभर मतं बी नव्हते त्या दारी बी जात. आधीच्या दोन खेपेले तिले मत मागाची गरजच पडली नव्हती, म्हणून लोकाले काय सांगाचं तेच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी अडखळली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या लाइनीसाठी इंजिनीअरच्या दारात कशी बसून राह्यली ते सांगू लागली. तिसऱ्या दिवशी बाया स्वतःहून खुर्ची टाकू लागल्या. लोकाले मजा याले लागली. एका आळीत माहेरवाशिणी अन् सत्यभामा समोरासमोर आल्या तर दोन्हीकडून हात जोडले जात, अन् मंग दोघी बी पुढच्या दारी आधी पोचाले पाय उचलत. गोपाल आयुष्यात कोणाच्या दारी काही मागाले गेला नव्हता, तो बी एका संध्याकाळी बायकोसाठी चार घरं करून आला.

मतदानाले रांगा अशा लागल्या का म्हातारे म्हणत, आपल्या भागात एवढे लोक राह्यतात हे आजच समजलं.

निकालाच्या आदल्या दिवशी दोन्ही आघाड्यायचे हार सत्यभामाच्याच दुकानात सांगितले गेले, कारण तिच्यासारखा हार वरूडात कोणी करत नव्हतं. एक किसनरावनं सांगितला, एक शेखरभाऊनं. प्रतीक्षानं शेखरभाऊचा हार गुंफला, अन् मधात शेवंतीचे वेढे मुद्दाम विरळ ठेवले. सत्यभामानं तो हातात तोलला, सारा उकलला अन् पुन्हा पोरीच्या मांडीवर टाकला. रागानं धुमसत प्रतीक्षानं तो नव्यानं केला. शेवटी दोन हार एका खिळ्याले लटकले तवा कोणता कोणाचा ते तिले बी ओळखू येईना.

सत्यभामा पडली. एकोणीस मतायनं.

मोजणी दोनदा झाली, तिसऱ्यांदा मागितली, आकडा तोच. मैदानात गुलाल उडाला, माहेरवाशिणींनी फुगड्या घातल्या, शेखरभाऊनं आणलेला हार काकूच्या गळ्यात पडला अन् त्या त्याच्या वजनानं वाकल्या. किसनराव एका बाजूले उभा राहून सांगत होता का त्या दिवशी माफी मागाले गेली नसती तर वीस मतं कुठं जात नव्हते. त्याचं खरं असेल बी. सत्यभामा ऐकून घेत होती. तिच्या तोंडाकडं पाहून प्रतीक्षाले वाटलं आता माय रडते. पण ते रडणं नव्हतं. दिवसभर ओझं वाहून माणूस पिशवी खाली ठेवते अन् हाताले आलेले वळ पाहते, तसं ते तोंड होतं.

किसनरावचा हार त्याच्या गाडीत तसाच पडून होता. प्रतीक्षानं डिक्की उघडली, हार काढला, गुलालातून वाट काढत आली अन् साऱ्या मैदानासमोर मायच्या गळ्यात घातला.

 पडलेल्या उमेदवाराले हार घातल्याचं कोणी पाह्यलं नव्हतं. एक-दोघं फिदीफिदी हसले बी. मंग काकूच्या बाजूनं कोणी तरी टाळी वाजवली, तिच्या मागं दुसरीनं. गीतांजली मोठ्यानं नाक ओढून मायच्या बाजूले येऊन उभी राह्यली.

"काढ हे," सत्यभामा हळूच म्हणली. "लोक काय म्हणतील."

"म्हणू दे ना. आज तरी नशीब नाही म्हणणार."

फाटकाजवळ नागरिकशास्त्राचे सर गाडीले टेकून उभे होते. ते बी याच भागातले मतदार. मायलेकी जवळ आल्या तवा त्यायनं घसा साफ केला, म्हणले, फार अटीतटीची झाली, अशी निवडणूक मी इथं पाहिली नव्हती. प्रतीक्षा थांबली. तिच्या तोंडावर दोन सालापासून तयार असलेलं बरंच काही आलं होतं. मंग तिनं मायकडं पाह्यलं, हारात गळ्यापर्यंत बुडालेली, अन् ते सारं बोलाची गरजच राह्यली नाही.

"वर्गात सांगा, सर," एवढंच म्हणली.

सरांनी मान हलवली अन् गाडीचा आरसा नीट करत राहिले.

किसनराव गाडी घेऊन मागून आला, बसा म्हणे, पाच सालानं पाहू, तवा समोरून कोण येते त्याचा आतापासूनच विचार करून ठेवू. सत्यभामानं त्याले हात जोडले अन् पायीच निघाली. भर बाजारातून, आपल्या दुकानावरून, दिवे लावलेल्या खांबाखालून. भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहत होत्या. काही हसत होत्या, काही पदरानं डोळे पुसत होत्या, काहींनी नक्कीच काकूले मत दिलं होतं अन् त्या सगळ्यात मोठ्यानं हाका मारून राहिल्या होत्या. सत्यभामा दर एकीले थांबून उत्तर देत होती. हारातल्या फुलाच्या पाकळ्या रस्त्यावर पडत होत्या.

"एवढी चांगली शेवंती," ती मधातच पुटपुटली. "अंगावर घातलेली आता देवाले बी चालत नाही. उद्याचे सारे पुडे झाले असते यातून. वाया घालवली तू."

पण हार तिनं काढला नाही. घर आलं तरी काढला नाही. दारात थांबून गोपालनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तोंड वर करून तिनं तो तसाच पिला, अन् पाण्याचे थेंब झेंडूवरून घरंगळत खाली गेले.